बोंडाला कप्पे किती : एका चित्रवहीच्या नोंदी

प्रकल्प : रोज एक चित्र, समोरची वस्तू पाहून.
ठिकाण : आर्वी तालुक्यातलं आमचं गाव, वाचनालयाचा ओटा.
मुदत : पोळ्याच्या आधीपासून संक्रांतीपर्यंत.

रविवार, १८ ऑगस्ट २०२४

उद्या राखी. निम्म्या बाया माहेरी गेल्या आहेत, तरी नऊ जणी आल्या. शिवाय विहाराजवळ राहणारे आजोबा आणि सुतारकाम करणारे एक भाऊ. आरोग्य खात्याच्या आशाताई तर होत्याच. हे सगळं त्यांच्याच बोलण्यातून निघालं. घरोघरी फिरताना बाया त्यांना एकच सांगतात : डोकं गच्च झालं आहे, झोप येत नाही, कशात मन लागत नाही. आणि गोळी मागतात.

रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलो या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांचा २००३ सालचा प्रयोग माझ्या वाचनात आला होता. त्यांनी काही जणांना दर आठवड्याला पाच अशा गोष्टी लिहायला लावल्या, ज्यांच्याबद्दल कृतज्ञ वाटतं. काहींना त्या आठवड्यातल्या कटकटी लिहायला सांगितल्या, काहींना नुसत्या घडामोडी. दहा आठवड्यांनी पहिल्या गटातली माणसं आपल्या आयुष्यावर जास्त समाधानी होती. वाटलं, हे आपल्याकडे सहज जमेल. वह्या वाटल्या आणि म्हटलं, पाच गोष्टी लिहा.

अर्ध्या तासाने वह्या गोळा केल्या. देवाची कृपा आहे. लेकरं चांगली आहेत. यंदा पाणी बरं पडलं. बहुतेक वह्यांत हेच, याच क्रमाने, शेजारणीचं पाहून लिहिलेलं. दोघींना लिहिता येत नाही. त्या वही मांडीवर ठेवून पदराचं टोक पिळत बसल्या. हे मी आधी विचारायला हवं होतं. फार लाज वाटली. थोरल्या काकू वही परत देताना म्हणाल्या, "हे त शाळेतल्या निबंधावानी झालं माय. आभार सभेत मानतेत. घरच्या मानसाचे कोनी आभार मानते काय?"

रात्री पडल्या पडल्या तेच घोळत होतं. काकूंचं खरं आहे. आमच्याकडे पाण्याचा गडू हातात दिला तर कोणी धन्यवाद म्हणत नाही. मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, भाजी आवडली की ते तसं बोलत नाहीत, ताट थोडं पुढे सरकवतात.

गुरुवार, २२ ऑगस्ट

लिहिणं सोडायचं, चित्र काढायचं, असं ठरवलं.

शाळेत मी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही सरकारी रेखाकला परीक्षा दिल्या होत्या. वस्तुचित्रात हात बरा होता. लग्नानंतर मात्र रांगोळीशिवाय रेष ओढली नाही. त्या वेळच्या सरांनी एक रीत सांगितली होती, ती आता शोधून पुन्हा वाचली. किमॉन निकोलाइड्स नावाचे न्यूयॉर्कचे चित्रकला शिक्षक होते. त्यांची शिकवण त्यांच्या मृत्यूनंतर १९४१ साली पुस्तकात आली. पहिलाच धडा असा : डोळा वस्तूच्या कडेवर ठेवायचा, पेन्सिल कागदावर. पेन्सिलीचं टोक त्या कडेलाच टेकलं आहे असं धरून चालायचं. डोळा जेवढा सरकेल तेवढीच पेन्सिल सरकवायची. कागदाकडे पाहायचं नाही.

दुपारी भांडी आटोपल्यावर दाराशी काढलेल्या माझ्याच चपला समोर घेतल्या. दहा मिनिटं. कागदावर जे उमटलं ते चपलेसारखं मुळीच दिसत नव्हतं. पण डाव्या चपलेची टाच आतल्या बाजूने किती झिजली आहे ते आज दिसलं. दोन वर्षं घालते आहे त्या. गेल्या पावसाळ्यात पाय मुरगळला तेव्हापासून मी एका अंगाने चालते आहे, हे मला चपलेने सांगितलं.

त्या दहा मिनिटांत डोक्यात दुसरं काही आलं नाही. ना हप्ता, ना पोराची फी. त्याच वेळी विळीवर बसले असते तर दोन्ही आलं असतं.

रविवार, २५ ऑगस्ट

आज वस्तू आणल्याच नाहीत. म्हटलं, आपापला डावा हात समोर ठेवा. ज्या उजव्या हाताने काम करतात त्यांचा डावा हात कोण पाहतो? नियम तीनच : कागदाकडे पाहायचं नाही, खोडायचं नाही, बोलायचं नाही. पंधरा मिनिटं.

सुरुवातीला खूप हसणं झालं. कोणाची करंगळी वहीबाहेर गेली, कोणाला सहा बोटं झाली. पाचेक मिनिटांनी आवाज आपोआप खाली आला आणि मग फक्त पेन्सिलींची खसखस उरली. समोरच्या कडुनिंबावर साधे पोपटच ओरडत होते, पण इतके स्पष्ट ऐकू येत होते की एक-दोघींनी वर पाहिलं.

त्या शांततेत मला त्यांचे हात दिसले. निंदणाने काळ्या पडलेल्या भेगा. विळ्याचा जुना वण, अंगठ्याच्या मुळाशी, पांढरा. बांगड्यांनी मनगटावर पाडलेली फिकट पट्टी. नखांच्या कडांना हळद.

वेळ संपल्यावर त्या दोघींपैकी, म्हणजे ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यापैकी, एकीने वही उचलून उजेडात धरली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हा त माह्या मायचा हात होय. मधलं बोट असंच वाकडं होतं तिचं." माय जाऊन सहा वर्षं झाली. तिने पदराने वहीवरची धूळ पुसली. धूळ नव्हती.

आजोबा म्हणाले, विहारात आनापान करतो ते हेच. तिथे नाकपुडीशी श्वास येतो-जातो तो पाहायचा, बाकी काही करायचं नाही. मन पळालं की रागवायचं नाही, परत आणून तिथेच बसवायचं. "इथं श्वासाच्या जागी कडा हाय, एवढंच." थोरल्या काकूंना गुरुदेव सेवा मंडळाचं पहाटेचं सामुदायिक ध्यान आठवलं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी लावलेली सवय त्यांच्या वडिलांनी शेवटपर्यंत पाळली. म्हणजे गावाला ही गोष्ट नवी नाही. मला वाटत होतं, बाहेरून काहीतरी आणते आहे.

रविवार, १ सप्टेंबर

आज खांद शेकणी. उद्या पोळा. ओट्यावर कोणी येणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून सांगितलं होतं की ज्याने त्याने आपल्या गोठ्यात बसून काढा.

आमची जोडी गवळाऊ. वर्धा जिल्ह्याचीच ही जात : पांढरी, अंगाने हलकी, तोंड लांबट, चालायला चपळ. आज त्यांच्या मानेवर जू ठेवायचं नाही. सकाळी नाल्यावर नेऊन धुतलं. संध्याकाळी मामाजींनी तूप कोमट केलं, त्यात हळद कालवली, पळसाचं पान घेतलं आणि गोठ्यात शिरले. मी दाराच्या चौकटीला टेकून खाली बसले. वही गुडघ्यावर.

मी फक्त खांद काढायचा ठरवलं, अख्खा बैल नाही. मान जिथे वशिंडाला मिळते त्या जागी जू बसतं. तिथली कातडी इतर अंगासारखी नाही. केस घासून गेलेले, रंग राखाडी, चामडं जाड होऊन त्याच्या आडव्या घड्या पडलेल्या. जुन्या भिंतीला पोतेरं दिल्यावर जशा हाताच्या लकेरी राहतात तशा. मामाजी पानाने तूप लावत होते आणि मधूनमधून अंगठ्याने दाबून पाहत होते. दाबलं की बैलाची कातडी पोटापर्यंत थरथरायची. मग त्याने मान खाली घातली, डोळे अर्धे मिटले. मी त्या घड्यांवरून पेन्सिल नेत होते. एक घडी, मग तिच्या पोटातली दुसरी. किती वेळ गेला सांगता येणार नाही. दिवा लावायला आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, हाक मारली तेव्हा कळलं की अंधार पडला.

शेकून झाल्यावर मामाजी एकेका बैलाच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

हे वाक्य मी दरवर्षी ऐकते. आज ते ऐकताना गळा दाटून आला. वर्षभर ज्याच्या मानेवर ओझं ठेवलं त्याला कोणी तुझे आभार म्हणत नाही. त्याचा खांद तुपाने शेकतात आणि त्याला घरच्या पाहुण्यासारखं जेवायला बोलावतात. काकू बरोबर होत्या. आपल्याकडे आभार हाताने मानतात. माझी चूक अशी की मी तोंडाने मागत होते.

बाहेर येताना मामाजी थांबले. वहीकडे पाहिलं. सोळा वर्षांत माझ्या कुठल्या वहीकडे त्यांनी पाहिलेलं आठवत नाही. म्हणाले, "घट्टा इतका पुढं नाई. मांगं हाय, वशिंडाले लागून." आणि गेले. मी परत आत गेले. कंदील धरून पाहिलं. घट्टा मागेच होता.

मंगळवार, ३ सप्टेंबर

तान्हा पोळा. सिंदी रेल्वे या गावी मोठमोठे लाकडी नंदी निघतात, आमच्याकडे वीतभर उंचीचे, चाकं लावलेले. सुतारभाऊंनी या वर्षी केलेला नंदी पोरांनी ओट्यावर मधोमध ठेवला आणि सगळ्या बाजूंनी बसून काढला. अकरा चित्रं. मागून काढणाऱ्याने फक्त शेपूट आणि दोन चाकं काढली. भाऊंनी तेच चित्र मागून घेतलं, कारण त्या शेपटाला त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला होता.

रविवार, ८ सप्टेंबर

अडचण आली. आजोबांना मोतीबिंदू आहे, त्यांना पेन्सिलीची रेष दिसत नाही. ते नुसता हात फिरवतात आणि विचारतात, उमटलं का? काळी ठळक रेष हवी. म्हणजे कोळसा. चित्रकलेचा तयार कोळसा नागपूरला मिळतो, पण आमच्या घराघरांपुढे गेल्या वर्षीच्या पऱ्हाट्यांचे, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचे, ढीग पडलेले असताना तो विकत कशाला आणायचा?

रीत साधी आहे, पण धीर लागतो. झाकण घट्ट बसेल असा पत्र्याचा डबा घ्यायचा. झाकणाला खिळ्याने एक भोक, एकच. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या पऱ्हाट्या निवडायच्या, गाठी नसलेल्या. साल सोलायची, डब्याच्या उंचीला तोडायच्या, उभ्या आणि गच्च भरायच्या. मग डबा विस्तवात. आधी भोकातून पांढरी वाफ येते, ते लाकडातलं पाणी. मग दाट पिवळट धूर येतो. त्याला काडी लावली तर तो पेटतो, भोकाशी दिव्यासारखी ज्योत उभी राहते. धूर आपोआप थांबला की झालं. आत हवा नसल्यामुळे लाकूड जळत नाही, त्याचा कोळसा होतो. डबा बाहेर काढून भोक ओल्या मातीने लगेच बुजवायचं आणि पार गार होईपर्यंत उघडायचा नाही.

पहिला डबा मी तासाभरात उघडला. वरून गार लागत होता. झाकण निघताच काड्यांच्या टोकांना लाल धग चढली आणि बघता बघता तळाशी राख उरली. दिवसभराची मेहनत वाया गेली. दुसरा डबा रात्रभर तसाच ठेवला. सकाळी उघडला तर काळ्याभोर सरळ काड्या. दोन एकमेकींवर वाजवल्या तर काचेसारखी किणकिण. चांगल्या कोळशाची हीच खूण.

कोळशाचं चित्र हाताने पुसलं जातं. त्यावर उपाय : साय काढलेलं दूध, तेवढंच पाणी, आणि गुलाबपाण्याच्या बाटलीने लांबून हलका फवारा. दुधातलं केसीन भुकटीला कागदावर धरून ठेवतं.

आजोबांनी आज कोळशाने आपली काठी काढली. काठीच्या मुठीशी हात लागून लागून झालेला खड्डा त्यांनी बोटाने चाचपला आणि तिथे काडी दाबून गडद केलं. रेष दिसल्यावर त्यांनी विचारलं नाही, उमटलं का म्हणून.

रविवार, २२ सप्टेंबर

सोयाबीनची सोंगणी तोंडावर. तिघीच आल्या. पुढचा महिनाभर ओट्यावरची बैठक बंद. वही पिशवीत, काडी प्लास्टिकच्या नळीत, आणि वावरात न्याहारीनंतर पाच मिनिटं. त्यापेक्षा जास्त मागणं अन्याय होईल. ज्याला कंबर टेकवायची असेल त्याने कंबर टेकवावी.

रविवार, ६ ऑक्टोबर

आजची नोंद लिहायला जड जाते आहे.

आमच्यातली एक ताई पहिल्या दिवसापासून एकच वस्तू काढते : अंगणातली बाज. रिकामी. सुरुवातीला मी कौतुक केलं, एकाच वस्तूकडे इतकं टिकून पाहणं सोपं नाही म्हणून. आज ती घरी भेटली. म्हणाली, "पाह्यते तितकं जास्तच होते बाई. डोळे मिटले तरी तेच दिसते." बाज कोणाची ते मला ठाऊक होतं. मी ते जोडून पाहिलं नाही.

फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या २०१६ च्या अभ्यासाचा हवाला मी सगळ्यांना उत्साहाने दिला होता. ३९ प्रौढांना पाऊण तास माती, रंग, कागद देऊन काही घडवायला सांगितलं. त्यातल्या सुमारे तीन-चतुर्थांश लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, खाली आलं. आधी चित्र काढलेलं असो वा नसो, फरक पडला नाही. हे सगळं सांगताना उरलेल्या चौथ्या हिश्शाबद्दल मी एक शब्द बोलले नव्हते. त्यांचं कमी झालं नाही.

आशाताईंना घेऊन पुन्हा गेले. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लावून दिला. फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. ताई आतल्या खोलीत जाऊन वीस मिनिटं बोलली. बुधवारी आशाताई तिला समुपदेशकाकडे घेऊन जाणार आहेत, मी गाडीभाडं पाहते. वही मी मागितली नाही, तिने दिलीही नाही.

नियमांत चौथा घातला, आणि तो सगळ्यांना वाचून दाखवणार आहे : पाहताना त्रास वाढला तर थांबायचं आणि सांगायचं. जेवण तुटलं, झोप तुटली, तर चित्र हा इलाज नाही, दवाखाना आहे.

रविवार, २० ऑक्टोबर

सेवाग्रामला जाऊन आलो. सोयाबीन घरात आलं, कापूस अजून फुटायचा, मधले हे चार दिवसच मोकळे. चौदा जण, एक काळीपिवळी.

गांधीजी १९३६ मध्ये इथे राहायला आले तेव्हा हे शेगाव होतं. बापूकुटीच्या मातीच्या भिंतीवर मीराबेननी मातीतच उठाव देऊन काढलेली ताडाची झाडं आणि चरखा आहे. बायांनी ते पाहिलं आणि लगेच ओळखलं, कारण चुलीच्या बाजूला, कोनाड्याच्या भोवती अशी नक्षी त्यांच्या सासवा करत. इंग्रज आरमारी अधिकाऱ्याच्या मुलीने ओल्या मातीवर बोटाने दाबून ताडाचं झाड काढलं, हे थोरल्या काकू येताना गाडीत दोनदा बोलल्या. भिंतीला हात लावायचा नसतो, पण काकूंचा हात भिंतीपासून वीतभर अंतरावर हवेत त्या झाडावरून फिरत होता, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत. मी त्यांना हाताचं चित्र काढायला बसवलं होतं त्या दिवशी जो वेग होता, तोच.

ती ताईही सोबत होती. तिने झाडाखाली बसून फक्त झाड पाहिलं.

शनिवार, २६ ऑक्टोबर

सीतादही झाली. कापसाची पहिली वेचणी आज धरली. धुऱ्यालगतच्या पऱ्हाटीला हळदकुंकू, दहीभाताचा नैवेद्य, आणि चार शितं चारी दिशांना. आत्याबाईंनी पहिलं बोंड वेचलं, कापूस कपाळाला लावला आणि ओटीत टाकला. मग रांगा धरल्या.

न्याहारीनंतर पाच मिनिटं. आज मी एकच सांगितलं : फुटलेलं बोंड काढा.

वेचणाऱ्या बाया. तीस-तीस वर्षांचा हात. बोंडात पाचही बोटं एकदम घालायची आणि सगळा कापूस एका झटक्यात ओढायचा, पालापाचोळा येऊ द्यायचा नाही. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी नखाशेजारची कातडी फाटते, म्हणून काही जणी बोटांना चिंधी बांधतात. बोंडाची यांना न माहिती असलेली गोष्ट काय असणार, असं मला वाटत होतं.

एकीने चार कप्पे काढले. शेजारणीने पाच. "पाच कुठं असते? चारच." "माह्या बोंडाले पाच हाय, मोजून पाय." मोजले. पाच होते. दुसरीचे मोजले, चार. मग सगळ्या पऱ्हाटीवर वाकल्या. चार, पाच, पाच, चार, आणि एक कुठेतरी तिनाचं. एवढ्या वर्षांत किती हजार बोंडं हातातून गेली असतील, आणि कप्पे आज मोजले.

त्याच पऱ्हाटीवर खाली बोंड फुटलेलं आणि शेंड्याला अजून एक फूल होतं, पांढरट पिवळं. बाजूला कालचं फूल, गुलाबी झालेलं. मला ती दोन वेगळी फुलं वाटत होती, हे कबूल करते. थोरल्या काकूंनी समजावलं : उमलतं तेव्हा पांढरं, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग मिटून गळतं आणि मागे बोंड धरतं. पात्यापासून, म्हणजे कळीपासून, वेचणीपर्यंतचा सगळा जन्म त्यांनी एकाच झाडावर बोट ठेवून दाखवला. मी चित्र काढायला शिकवते, पाहायला मला त्यांनी शिकवलं.

ज्या बाईने पाच कप्पे काढले तिने वही मिटण्याआधी चित्राला कपाळ टेकवलं. आत्याबाईंनी सकाळी कापूस टेकवला तसंच. मी तिला काही विचारलं नाही. पुढे वेचताना ती बोंड ओढण्याआधी क्षणभर थांबत होती. मजुरी किलोवर मिळते, थांबणं तिला परवडत नाही. तरी थांबत होती.

रविवार, २४ नोव्हेंबर

काल जोडीतला थोरला बैल विकला. वय झालं, वखराला टिकत नव्हता. पुढची नांगरणी ट्रॅक्टरनेच करायची असं घरात ठरलं आहे, धाकला बंडीपुरता राहील. ओळखीच्या कास्तकाराकडेच दिला, हलक्या कामाला, एवढी काळजी मामाजींनी घेतली. बाजारात नेला नाही.

संध्याकाळी मामाजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. आत येत नाहीत ते. म्हणाले, "ते खांदाचं कागद हाय काय?"

दोन चित्रं होती. पहिलं, घट्टा पुढे गेलेलं, आणि दुसरं, कंदिलाच्या उजेडात सुधारलेलं. मी दुसरं फाडून दिलं. त्यांनी दोन्ही चित्रं मागितली. ओसरीवर बसून दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहत होते. मग घडी घालून सातबारा ठेवतात त्या पिशवीत ठेवली. जेवताना ताट दोनदा पुढे सरकलं.

माझ्या वहीत तिथे आता दोन पानांच्या फाटक्या कडा आहेत. त्या मी तशाच ठेवणार आहे.

रविवार, ८ डिसेंबर

थंडी. ओटा सोडून उन्हात अंगणात बसतो. नियमित येणारे आठ. सहा जणांनी सोडलं, त्यातल्या तिघांनी वेळ नाही म्हणून आणि तिघांनी आवडलं नाही म्हणून. आवडलं नाही हे त्यांनी स्पष्ट सांगितलं याचा मला आनंद आहे. ताई समुपदेशकाकडे जाते आहे, गोळ्याही सुरू आहेत. आज ती आली, आणि वाटाण्याची शेंग काढली. उघडी.

कोळशाच्या काड्या संपत आल्या. पऱ्हाटीच्या काड्या गाठीपाशी तुटतात, दुसरं काहीतरी पाहायला हवं.

मंगळवार, १४ जानेवारी २०२५

संक्रांत. हळदीकुंकवाचं वाण काय द्यायचं याची चर्चा पंधरा दिवस चालली होती. शेवटी बायांनीच ठरवलं : एक कोरी लहान वही आणि दोन कोळशाच्या काड्या, दोऱ्याने बांधलेल्या. थोरल्या काकूंनी तिळगुळाबरोबर ते वाण ज्या सुनेला दिलं तिला बजावलं, "खोडायचं नाई. वाकडं आलं त येऊ द्यायचं."

पण काड्या आल्या कुठून, हे लिहायचं राहिलं. तूर सोंगून खळ्यात आली, झोडून झाली. तुराट्या कुडाला, सरपणाला जातात, मी त्यांचा विचारच केला नव्हता. परवा सकाळी अंगण झाडायला बाहेर आले तर ओसरीच्या कोपऱ्यात एक पेंडी उभी केलेली. तुराट्या, बोटाहून बारीक, एकही गाठ नाही. साल सोललेली. सगळ्या डब्याच्या उंचीला तोडलेल्या, वरून सारख्या केलेल्या. शेजारी तो पत्र्याचा डबा, आतून घासून धुतलेला. झाकणाचं भोक जळून मोठं झालं होतं, ते पत्र्याचा तुकडा ठोकून बुजवलं होतं आणि बाजूला नवीन पाडलं होतं, खिळ्याएवढं.

मामाजी वावरात निघून गेले होते.

तुरीच्या काड्या पऱ्हाटीपेक्षा मऊ निघाल्या. रेष जास्त काळी येते, थोडी भुरभुरते. दुधाचा फवारा दोनदा द्यावा लागेल.